दोन विद्यापीठांची एक पदवी

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही आपली तीन जुनी विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली, हे आपण शाळेत असतानाच पाठ केलेले असते. ती ज्या लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभारण्यात आली, त्या विद्यापीठाने लगेच दुसऱ्या वर्षी काय केले, हे मात्र आपल्याला सहसा कोणी सांगत नाही. १८५८ साली लंडन विद्यापीठाला नवी सनद मिळाली. तिच्यामुळे, वैद्यकासारखा विषय वगळता, कोणत्याही ठराविक महाविद्यालयात हजेरी न लावता विद्यापीठाची परीक्षा देण्याची मुभा मिळाली. तुम्ही कोठे शिकलात, कोणाजवळ शिकलात, शिकवणी लावून शिकलात की दिवसाची नोकरी आटोपून रात्री एकट्याने शिकलात, हे विद्यापीठ विचारणार नव्हते. आमच्या प्रश्नपत्रिकेची उत्तरे तुम्हाला लिहिता येतात काय, एवढेच ते विचारणार होते. पुढे सात वर्षांनी, म्हणजे १८६५ साली, ही परीक्षा मॉरिशससारख्या दूरच्या बेटावर घेण्यात आली. शिकणारा एका खंडात आणि पदवी देणारा दुसऱ्या खंडात, ही कल्पना अशी तब्बल दीड शतकाहून जुनी आहे.

तिची आठवण आज काढण्याचे कारण असे की, ज्या पदवीच्या जाहिराती सध्या वृत्तपत्रांतून आणि मोबाइलच्या पडद्यावरून रोज आपल्यापुढे येतात, ती ह्याच सनदेची पणती आहे. नोकरी न सोडता, गाव न सोडता, इंटरनेटच्या साहाय्याने व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी मिळवा, आणि ही पदवी एका भारतीय व एका परदेशी विद्यापीठाच्या सहकार्याने देण्यात येईल, असा त्या जाहिरातींचा साधारण आशय असतो. इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथे नोकरी करणाऱ्या तिशीतल्या गृहस्थाला तिचा मोह पडला तर नवल नाही. बढतीची आशा असते, परदेशी जाऊन राहण्याइतका पैसा नसतो आणि मुले झोपल्यानंतरचे दोन तास हाताशी असतात. अशी पदवी तयार कशी होते, ज्यांनी ती तयार करण्याचे मोठे प्रयत्न केले त्यांचे काय झाले, आणि पदवी घेणाऱ्याने तिच्यात नेमके काय पाहावे, हे आज थोडे उकलून सांगावयाचे आहे.

विद्यापीठाची पदवी वरून एकसंध दिसत असली, तरी आतून ती अनेक कामांची गुंफण असते. अभ्यासक्रम कोणीतरी आखतो. पाठ कोणीतरी लिहितो. दुसरा कोणी ते शिकवतो आणि अडलेल्याला पुन्हा समजावून सांगतो. कोणी प्रश्नपत्रिका काढतो, कोणी उत्तरपत्रिका तपासतो. सर्वांत शेवटी एक नोंदवही असते. तिच्यात आपले नाव चढते आणि पुढे तीस वर्षांनी कोणी विचारणा केली, तर तिच्याच आधारे उत्तर दिले जाते. आपल्या नेहमीच्या महाविद्यालयात ही सारी कामे एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली चालतात, म्हणून ती निरनिराळी आहेत हे आपल्या ध्यानात येत नाही. दोन देशांतील विद्यापीठे एकत्र आली म्हणजे मात्र ही वीण उसवावी लागते आणि कोणते काम कोणी करावयाचे, हे करारात लिहून काढावे लागते. इंटरनेटवरील पदवीत बहुधा आणखी एक भिडू असतो. तो म्हणजे जाहिरात करणारी, विद्यार्थी जमवणारी आणि शिकवण्याची यंत्रणा पुरवणारी कंपनी. अमेरिकेत अशा कंपन्यांनी शुल्काचा निम्म्याच्या आसपास वाटा घेतल्याची उदाहरणे आहेत. त्यांतील टू-यू नावाची एक फार मोठी कंपनी २०२४ च्या जुलै महिन्यात दिवाळखोरीच्या न्यायालयात जाऊन उभी राहिली, हेही येथेच सांगून ठेवतो.

सहकार्यासाठी सर्वांची पहिली पसंती व्यवसाय व्यवस्थापनाला का, हे समजण्यास फार विचार लागत नाही. ह्या विषयाला प्रयोगशाळा लागत नाही, रुग्णालय लागत नाही. विद्यार्थी कमावता असतो, म्हणून शुल्क भरू शकतो. शिवाय जमाखर्च, बाजारपेठ, भांडवल हे शब्द जगात सर्वत्र सारखेच आहेत, अशी एक समजूत आहे. ही समजूत कितपत खरी, ते पुढे पाहू.

ह्या बाबतीतले दोन मोठे प्रयोग गेल्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. पहिला ब्रिटिश सरकारचा. २००० साली तेथील शिक्षणमंत्री डेव्हिड ब्लंकेट यांनी एक इलेक्ट्रॉनिक विद्यापीठ काढण्याची घोषणा केली. देशातील विद्यापीठांनी आपले अभ्यासक्रम त्यात द्यावेत आणि त्या सर्वांच्या वतीने एका कंपनीने ते जगभर विकावेत, अशी ती योजना होती. सरकारने तीसाठी सहा कोटी वीस लाख पौंडांची तरतूद केली. कंपनीने शिकवण्याची नवी यंत्रणा स्वतःसाठी खास बांधवून घेतली आणि २००३ साली पहिले अभ्यासक्रम सुरू केले. पहिल्या टप्प्यात ५,६०० विद्यार्थी येतील अशी अपेक्षा होती. आले ९०० च्या सुमारास. २००४ साली योजना गुंडाळण्यात आली, तोवर सुमारे पाच कोटी पौंड खर्ची पडले होते. दुसऱ्या वर्षी ब्रिटिश संसदेच्या शिक्षणविषयक समितीने ह्या प्रकरणाचा अहवाल दिला. त्याचा गाभा असा की, विद्यार्थ्याला काय हवे आहे हे विचारण्याआधीच यंत्र बांधून तयार झाले होते. विहीर खणण्यापूर्वीच मोट शिवून ठेवण्याचा हा प्रकार म्हणावयाचा. सरकारी योजनांच्या सान्निध्यात ज्याची हयात गेली, त्याला तो अगदीच अपरिचित वाटणार नाही.

दुसरा प्रयोग आपल्या विषयाच्या अधिक जवळचा आहे आणि त्यात आपल्या देशाचाही संबंध आलेला आहे. १९९७ साली निरनिराळ्या देशांतील काही नामवंत विद्यापीठांनी 'युनिव्हर्सिटास २१' नावाचा एक समूह स्थापन केला. त्यात ऑस्ट्रेलियातील मेलबर्न, ब्रिटनमधील बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम व ग्लासगो, कॅनडातील मॅकगिल अशी विद्यापीठे होती. २००१ साली ह्या समूहाने थॉमसन लर्निंग ह्या शिक्षणविषयक प्रकाशन कंपनीशी भागीदारी केली आणि 'यू-२१ ग्लोबल' ही संस्था काढली. भांडवल सुमारे पाच कोटी डॉलरचे, दोन्ही बाजूंनी निम्मे निम्मे. मुख्य ठाणे सिंगापूर येथे. २००३ साली व्यवसाय व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी, म्हणजे एम.बी.ए., हा तिचा पहिला अभ्यासक्रम सुरू झाला.

ह्या पदवीची घडण मोठी विलक्षण होती. पदवी नव्या संस्थेची असावयाची, परंतु प्रशस्तिपत्रावर भाग घेणाऱ्या जुन्या विद्यापीठांच्या मुद्रा छापावयाच्या. शिकवणारे बहुतांशी त्या विद्यापीठांतले नव्हेत, नव्या संस्थेनेच नेमलेले. अभ्यासक्रमाच्या दर्जावर देखरेख ठेवण्यासाठी समूहाने एक वेगळी कंपनी काढली होती. म्हणजे मेलबर्नच्या विद्यापरिषदेने किंवा ग्लासगोच्या अभ्यासमंडळाने हा अभ्यासक्रम आपला म्हणून मंजूर केलेला नव्हता, पण नाव मात्र त्यांचे होते. कित्येक ठिकाणी अध्यापकांच्या संघटनांनी ह्याला हरकत घेतली. टोरांटो विद्यापीठ तर २००१ सालीच समूहातून बाहेर पडले. आपले नाव आणि आपली मुद्रा कोठे वापरली जाणार, हा त्यांच्या चिंतेचा विषय होता आणि माझ्या मते ती चिंता रास्त होती. मुद्रा उसनी देता येते, परंतु तिच्यामागचा अध्यापकवर्ग उसना देता येत नाही.

तरीसुद्धा ह्या संस्थेने शिकवण्याच्या कामी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. घरी बसलेल्या परीक्षार्थीवर नजर कशी ठेवावी, हा प्रश्न तिने मोठ्या कल्पकतेने सोडवला होता. नजर ठेवावयाचीच नाही, असे तिने ठरवले. परीक्षेत एखाद्या कंपनीची खरीखुरी अडचण मांडावयाची, पुस्तके आणि इंटरनेट वापरण्याची पूर्ण मोकळीक द्यावयाची आणि ठरावीक वेळात त्या कंपनीला सल्ला लिहून द्या, असे सांगावयाचे. नोकरीत असलेल्या विद्यार्थ्याला ही परीक्षा त्याच्या रोजच्या कामासारखीच वाटे. २०२२ च्या अखेरीपासून असा सल्ला यंत्रच लिहून देऊ लागले आहे, त्यामुळे ही युक्ती आता पूर्वीसारखी चालणार नाही. परीक्षार्थीला पुन्हा एखाद्या केंद्रावर किंवा कॅमेऱ्यासमोर, पर्यवेक्षकाच्या नजरेखाली बसवण्याकडे साऱ्यांचा कल दिसतो. फिरून आपण १८६५ च्या मॉरिशसला आलो, असे म्हटले तरी चालेल.

विद्यार्थी अपेक्षेच्या मानाने थोडेच आले. आले त्यांत भारतातील नोकरदार मोठ्या संख्येने होते. २००७ साली थॉमसन लर्निंग ही कंपनीच विकली गेली आणि नव्या मालकांनी तिचे नावही बदलले. त्यानंतर आपल्याकडील मणिपाल समूहाने ह्या संस्थेत भांडवल घातले. पुढे संस्थेचे ठाणे सिंगापूरहून मलेशियात गेले आणि २०१२ साली ती ग्लोबल-नेक्स्ट ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. आता ज्याने २००६ साली पदवी घेतली, त्याचा विचार करा. त्याच्या भिंतीवरील प्रशस्तिपत्रावर जे नाव आहे, त्या नावाची संस्था आज नाही. तो खरोखरच शिकलेला आहे, परीक्षा उत्तीर्ण झालेला आहे. पण मुलाखतीला गेला की प्रथम त्याला आपल्या विद्यापीठाची वंशावळ सांगत बसावे लागते.

मला वाटते, सगळ्या विषयाची कळ येथे आहे. दोन विद्यापीठांमधील करार सामान्यतः पाच वर्षांचा असतो, फार तर दहा. पदवी मात्र घेणाऱ्याला चाळीस वर्षे पुरवावी लागते. करार मोडतो, भागीदार निघून जातो, कंपनी विकली जाते, कुलगुरू बदलतात, आणि ह्यांतले काहीही झाले तरी पदवीधर जागच्या जागी असतो. म्हणून अशी पदवी उभारताना, करार संपल्यानंतर काय होईल, ह्या प्रश्नाचे उत्तर आधी लिहून ठेवले पाहिजे. मधेच अडकलेला विद्यार्थी अभ्यासक्रम कोणाकडे पुरा करील? गुणांची नोंद कोणाच्या कचेरीत राहील? जाहिरातीत ह्यांपैकी काही नसते. जाहिरातीत इमारतीचे चित्र असते, आणि त्या इमारतीत विद्यार्थ्याने कधी पाऊल टाकावयाचे नसते.

हे उत्तर आधी लिहिले गेल्याचे एक उदाहरण इतिहासात आहे आणि ते पुन्हा लंडन विद्यापीठाचेच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ साली, ब्रिटिश वसाहतींतील उच्च शिक्षणासंबंधी अ‍ॅस्क्विथ आयोगाने आपला अहवाल दिला. त्यानुसार नायजेरियात इबादान, घानात अक्राजवळ, युगांडात मकेरेरे अशा ठिकाणच्या नव्याजुन्या महाविद्यालयांशी लंडन विद्यापीठाने एक खास नाते जोडले. विद्यार्थ्यांना पदवी लंडनची मिळे. परंतु स्थानिक अध्यापकांना अभ्यासक्रमात आपल्या देशाला अनुसरून बदल सुचवता येत, आणि उत्तरपत्रिका तपासण्याच्या कामी लंडनच्या परीक्षकांबरोबर ते स्वतः बसत. म्हणजे परीक्षा घेता घेता परीक्षा कशी घ्यावी, हेही शिकून होत असे. ही व्यवस्था कायमची नाही, हे दोन्ही बाजूंना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. घाना १९६१ साली आणि इबादान १९६२ साली स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि आपली पदवी आपण देऊ लागले. पहिल्या पदवीधरांचे कोणाचे काही बिघडले नाही. त्यांची पदवी लंडनची होती आणि लंडन जागेवर होते. ह्या व्यवस्थेत साम्राज्याचा वास होता, हे खरे. लंडनचा दर्जा तोच खरा दर्जा, हे तिचे गृहीत होते. पण करार म्हणून पाहिले, तर आजच्या कित्येक चकचकीत करारांपेक्षा तो शहाणपणाचा होता, असे मला निःसंकोच म्हणावेसे वाटते.

आफ्रिका खंडाचा उल्लेख आला, तेव्हा तेथे आपण स्वतः काय केले, तेही पाहिले पाहिजे. कारण अशा सहकार्यात आपण नेहमी घेणाऱ्याच्याच बाजूला असतो, असे नाही. २००४ साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनी आफ्रिकी संसदेपुढे जोहान्सबर्ग येथे भाषण करताना एक योजना मांडली. भारतातील विद्यापीठे आणि रुग्णालये आफ्रिकेतील देशांशी उपग्रहाने व तारांनी जोडावयाची, अशी ती योजना होती. टी.सी.आय.एल. ह्या सरकारी कंपनीने ती उभारली आणि २००९ च्या फेब्रुवारीत तिच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले. भारतातला वर्ग समुद्राखालच्या तारेतून सेनेगलची राजधानी डाकार येथे जाई, तेथून उपग्रहावर आणि उपग्रहावरून निरनिराळ्या देशांतील अध्ययनकेंद्रांत. घाना आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे आणि युगांडा अडीच तास. त्यामुळे आपला दुपारचा वर्ग तेथे सकाळचा किंवा मध्यान्हीचा होई. शिकवणारा आणि शिकणारा दोघेही जागे आहेत, ही सोय अमेरिकेशी भागीदारी करणाऱ्याला मिळत नाही. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ, मद्रास विद्यापीठ, अ‍ॅमिटी अशी विद्यापीठे ह्या योजनेत शिकवीत होती, आणि व्यवसाय व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी हा त्यांतील एक प्रमुख अभ्यासक्रम होता. खर्च भारत सरकारचा. सरकारी माहितीप्रमाणे सुमारे २२,००० विद्यार्थ्यांनी ह्या मार्गाने पदव्या व पदविका मिळवल्या. ही योजना २०१७ साली संपली. तिच्या जागी २०१९ साली इंटरनेटवर चालणारी 'ई-विद्याभारती' सुरू झाली, तिच्यात पाच वर्षांत १५,००० शिष्यवृत्त्या देण्याचे ठरले होते.

ह्या योजनेच्या पदवीला करार संपल्यामुळे काही बाधा आली नाही, कारण ती सरळ सरळ एका चालू भारतीय विद्यापीठाची पदवी होती. पण दुसऱ्या बाजूने पाहता तिच्यात एक उणीव राहून गेली. आफ्रिकेतील विद्यापीठांनी जागा दिली, केंद्रे चालवली. अभ्यासक्रम आपला, परीक्षक आपले, पदवी आपली. इबादानच्या अध्यापकाला लंडनच्या परीक्षकाशेजारी जी खुर्ची मिळाली होती, तशी खुर्ची आपण आफ्रिकी अध्यापकाला फारशी दिली नाही.

खुर्चीचा हा मुद्दा मानापमानाचा नाही, तो विषयाच्याच पोटातला आहे. व्यवसायाचे शास्त्र जगभर एकच, ही समजूत आपण मघाशी बाजूला ठेवली होती. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभा राहिला. तेथे ऊस घालणारा शेतकरी हाच कारखान्याचा मालकही आहे. उसाला भाव अधिक दिला तर कारखान्याचा नफा घटतो, आणि तरीही मालक खूश होतो. भागधारकाचा नफा हे ज्याचे मूळ गृहीत आहे, त्या परदेशी पाठ्यपुस्तकात हा कारखाना बसवावयाचा कोठे? उलट मुंबईच्या डबेवाल्यांवर हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयाने २०१० साली एक अभ्यासप्रकरण प्रसिद्ध केले आणि ते नामांकित झाले. मावळ-जुन्नरकडच्या माणसांनी शतकभर चालवलेली व्यवस्था आपल्याला शिकण्यासाठी बॉस्टनहून परत आली. अभ्यासप्रकरण चांगले आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते येथे बसून आपल्याला आधी का लिहिता आले नाही, हा प्रश्न सहकार्याचा करार करणाऱ्या प्रत्येक भारतीय विद्यापीठाने स्वतःला विचारण्यासारखा आहे. भागीदारी म्हणजे अभ्यासप्रकरणांची दुतर्फा ये-जा असेल, तरच ती भागीदारी. नाहीतर ती निव्वळ आयात होय.

आता आपल्या देशातील नियमांकडे वळू. हा भाग रुक्ष आहे, पण पैसे भरणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० साली मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे एकत्रित विनियम केले. त्यांखाली मान्यता मिळालेल्या विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते, आणि आयोगाने २०२२ साली हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच २०२२ साली परदेशी विद्यापीठांशी सहकार्य करण्यासंबंधी वेगळे विनियम आले. त्यांत तीन प्रकार आहेत. पहिल्यात विद्यार्थी अभ्यासक्रमाचा काही भाग परदेशी विद्यापीठात पुरा करतो, पण तो ३० टक्के श्रेयांकांहून अधिक नसावा, आणि पदवी भारतीय विद्यापीठाची असते. दुसऱ्यात दोघांची मिळून एकच संयुक्त पदवी असते आणि प्रत्येकाचा वाटा निदान ३० टक्के असावा लागतो. तिसऱ्यात दोन्ही विद्यापीठे आपापली पदवी स्वतंत्रपणे देतात. येथवर सारे ठीक आहे. परंतु हे सहकार्याचे विनियम ऑनलाइन व दूरस्थ पद्धतीच्या अभ्यासक्रमांना लागू नाहीत, असे त्यांतच म्हटलेले आहे. म्हणजे एका हाती ऑनलाइन पदवीला मान्यता आहे, दुसऱ्या हाती परदेशी सहकार्याला मान्यता आहे, पण हे दोन्ही हात अद्याप जुळलेले नाहीत. जाहिराती मात्र ते जुळलेले आहेत असे धरून चालतात. म्हणूनच २०२३ च्या डिसेंबरात आयोगाला जाहीर सूचना काढावी लागली. काही महाविद्यालये आणि शिक्षणतंत्राच्या कंपन्या मान्यता नसलेल्या परदेशी संस्थांशी करार करून पदव्या देत आहेत, अशा पदव्या आयोगाला मान्य नाहीत, असे तीत स्पष्ट बजावले होते.

मान्य नाही, ह्याचा व्यवहारात अर्थ काय होतो, ते सरकारी कचेरीत बसणाऱ्याला चांगले दिसते. पदोन्नतीची वेळ आली म्हणजे सेवापुस्तक उघडले जाते आणि शैक्षणिक अर्हतेच्या रकान्यासमोर पदवीची प्रत लावली जाते. पदवी परदेशी असेल, तर समकक्षतेचे प्रमाणपत्र मागावे लागते. ते नसेल, तर फाइलवर एक लहानशी टीप पडते आणि फाइल खाली येते. टीप लिहिणाऱ्याच्या मनात द्वेष नसतो. त्याच्यासमोर नियम असतो आणि त्या नियमात ती पदवी नसते. दोन-तीन लाख रुपये आणि दोन वर्षांच्या रात्री खर्चून मिळवलेली पदवी अशी टाचणी लावलेल्या कागदांत पडून राहिलेली मी पाहिली आहे. त्या माणसाचे ज्ञान खोटे नव्हते, त्याच्या कामात ते दिसतही होते. पण रकाना भरला गेला नाही.

उद्या हे दोन्ही विनियम एकमेकांशी जोडले जातील, अशी आशा करावयास जागा आहे, आणि ते जोडले जावेत असे माझे मत आहे. आपल्याकडे १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले, १९८५ साली इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले. दुरून शिकवण्याचा एवढा अनुभव असलेल्या देशाने परदेशी भागीदाराशी बरोबरीच्या नात्याने बोलण्यास कचरण्याचे कारण नाही. मात्र बोलणी करताना शुल्काच्या वाटणीची कलमे शेवटी घ्यावीत. परीक्षकांची आणि नोंदवहीची कलमे आधी घ्यावीत.

तोपर्यंत ज्याच्या हातात अर्ज आहे, त्याने पैसे भरण्यापूर्वी दोन्ही विद्यापीठांच्या कुलसचिवांना एकेक पत्र पाठवावे. मधल्या कंपनीला पाठवू नये. पदवी कोणाच्या विद्यापरिषदेने मंजूर केली आहे, उत्तरपत्रिका कोण तपासतो, करार कोणत्या साली संपतो आणि तो संपल्यास माझे काय होईल, एवढेच त्यात विचारावे. त्या विद्यापीठाची ऑनलाइन पदवी आयोगाच्या मान्य यादीत आहे किंवा नाही, हे आपले आपण पाहावे. ती यादी सर्वांना खुली असते. मग उत्तराची वाट पाहावी. उत्तर कुलसचिवांकडून आले की विक्री विभागातून दूरध्वनी आला, ह्याची त्याच अर्जाच्या कोपऱ्यात तारखेसह नोंद करून ठेवावी.